जोराचे राउंड, हळूचे किलोमीटर

पोलीस भरतीत मुलांना सोळाशे मीटर पळावं लागतं. 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत आलं की वीसपैकी वीस गुण. म्हणजे चारशेचा प्रत्येक राउंड साडेसत्याहत्तर सेकंदांत बसवायचा. पहाटे रस्त्यावर पळणाऱ्या पोराला हा आकडा पाठ असतो, मग तो दुधनीचा असो की गडचिरोलीचा. नवीन मुलगा पहिल्या दोन-तीन महिन्यांत झपाट्याने सुधारतो. नुसतं रोज पळालं तरी टायमिंग खाली येत जातं. साडेसहा मिनिटांवरून सहावर येतं, सहावरून पावणेसहावर. मग ते अडतं. पोरगा पळणं वाढवतो. तीन किलोमीटरचे पाच करतो, पाचाचे आठ करतो, सकाळच्या जोडीला संध्याकाळही धरतो. घड्याळ मात्र जागचं हलत नाही.

हे प्रकरण त्या अडलेल्या जागेबद्दल आहे. सोळाशेवाल्याला ती वर्षाच्या आत भेटते. पाच हजार, दहा हजार किंवा अर्धमॅरेथॉन पळणाऱ्या मुरलेल्या धावपटूला ती काही वर्षांनी भेटते, आणि तेव्हा ती फार चिवट असते. त्याचं शरीर रोजच्या पळण्याला इतकं सरावलेलं असतं, की तेच पळणं वाढवून त्यातून नवीन काही निघत नाही. तिथून पुढे जोराचे राउंड लागतात. थोडा वेळ जवळजवळ पूर्ण ताकदीने पळायचं, थोडा वेळ ढील द्यायची, पुन्हा पळायचं. मैदानावर याला इंटरव्हल म्हणतात, रिपिटेशन म्हणतात. क्रीडाशास्त्रात हाय-इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग. पण हे राउंड किती मारायचे, किती जोरात मारायचे आणि बाकीचे दिवस काय करायचं, याचा हिशेब चुकला तर तेच राउंड धावपटूला बसवतात. आपल्याकडे तो हिशेब बहुतेक वेळा चुकतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा हिशेब बसला की काय होतं, ते बीड जिल्ह्याने जगाला दाखवलं आहे. अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. लहानपणी काही किलोमीटरवरच्या शाळेत तो पळत जायचा. बारावीनंतर सैन्यात भरती झाला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनला राहिला, राजस्थानच्या वाळवंटात राहिला. सैन्याच्या क्रॉसकंट्रीत पळायला लागला तो 2015 च्या सुमारास. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. सप्टेंबर 2018 मध्ये भुवनेश्वरला त्याने 8 मिनिटं 29.80 सेकंदांची वेळ दिली आणि गोपाल सैनी यांचा 1981 पासून टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. जुलै 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याची वेळ होती 8:09.91. मधल्या सहा वर्षांत त्याने स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा खाली आणला.

वीस सेकंद ऐकायला थोडे वाटतात. 2018 चा साबळे आणि 2024 चा साबळे एकाच शर्यतीत उतरले असते, तर दुसरा रेषा ओलांडत असताना पहिला सुमारे 117 मीटर मागे असता. आणि 2018 चा साबळे नवखा नव्हता. तो तेव्हाच देशातला सर्वांत वेगवान स्टीपलचेसर होता. मुरलेल्या धावपटूच्या बाबतीत एवढी सुधारणा नुसते किलोमीटर वाढवून होत नाही.

स्टीपलचेस हा प्रकार आपल्या विषयासाठी जणू मुद्दाम बनवलेला आहे. तीन हजार मीटर, 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या. पुरुषांचा अडथळा 91.4 सेंटिमीटर उंच असतो. हर्डल्सच्या शर्यतीतला अडथळा धक्का लागला की पडतो. हा पडत नाही, पडतो तो धावपटू. पाण्याच्या उडीत बहुतेक जण अडथळ्याच्या लाकडावर पाय देतात आणि साडेतीन मीटरहून लांब खड्ड्याच्या उथळ टोकाला दुसरा पाय टाकतात. बूट भिजतो, लय मोडते, आणि पुढच्या चार-पाच पावलांत मोडलेला वेग परत उचलावा लागतो. अडथळे आणि पाण्याच्या उड्या मिळून एका शर्यतीत लय अशी पस्तीस वेळा मोडते. शिवाय आठ-साडेआठ मिनिटांची ही शर्यत माणूस प्राणवायू वापरण्याच्या कमाल मर्यादेला जवळजवळ टेकूनच पळतो. त्याहून जोरात पळणाऱ्याला एवढा वेळ टिकता येत नाही.

ही कमाल मर्यादा म्हणजे व्हीओटू मॅक्स. शरीराच्या दर किलो वजनामागे मिनिटाला जास्तीत जास्त किती मिलिलिटर प्राणवायू वापरता येतो, तो आकडा. सर्वसाधारण निरोगी तरुणाचा तो चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास असतो, जागतिक पातळीवरच्या पुरुष धावपटूंचा सत्तर ते पंच्याऐंशी. सगळ्यात मोठा फरक हृदयात असतो. पूर्ण जोर लावल्यावर साध्या माणसाचं हृदय मिनिटाला वीस-एक लिटर रक्त फेकतं, अव्वल धावपटूचं पस्तीस ते चाळीस लिटर. ठोक्यांची कमाल संख्या दोघांची जवळपास सारखीच असते. एका ठोक्यात जाणारं रक्त धावपटूचं दुप्पट असतं.

हळू पळण्यातूनही हृदय वाढतं. रक्ताचं प्रमाण वाढतं, स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, पेशींतल्या मायटोकॉन्ड्रिया वाढतात. म्हणून नवीन मुलगा नुसत्या पळण्याने सुधारतो. पण आठवड्याला सत्तर-ऐंशी किलोमीटर वर्षानुवर्षं पळणाऱ्याच्या शरीरात हे सगळं होऊन गेलेलं असतं. पॉल लॉरसन आणि डेव्हिड जेनकिन्स यांनी 2002 मध्ये तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला आणि नेमकं हेच मांडलं: चांगल्या तयार खेळाडूने मध्यम जोराचा सराव नुसता वाढवला तर दमही वाढत नाही आणि शर्यतीतली वेळही सुधारत नाही, फरक पडतो तो जोराच्या इंटरव्हलने.

इथे एक साधा प्रश्न येतो. जोरातच पळायचं तर सलग का पळू नये? मध्ये ढील कशाला?

उत्तर वेळेच्या हिशेबात आहे. ज्या वेगाला माणूस आपल्या व्हीओटू मॅक्सला पोहोचतो, त्या वेगाने तो सलग साधारण सहा मिनिटं पळू शकतो. कुणी चार, कुणी आठ. त्यातली पहिली दीड-दोन मिनिटं तर हृदय आणि फुप्फुसं वर चढण्यातच जातात. म्हणजे जीव तोडून पळून हाती लागतात तीन-चार मिनिटं, आणि त्यानंतर पाय संपलेले असतात. तेच पळणं तुकड्यांत केलं तर तुकड्यांमधल्या ढिलीत स्नायू थोडे सावरतात, पण प्राणवायूची मागणी पूर्ण खाली येत नाही. फ्रान्सच्या वेरोनिक बिला यांनी 2000 साली धावपटूंवर हे मोजलं. तीस सेकंद त्या वेगाने, तीस सेकंद त्याच्या निम्म्या वेगाने, असं दमेपर्यंत. सलग पळण्याच्या तुलनेत कमाल मर्यादेवर मिळालेला वेळ सरासरीने जवळजवळ तिप्पट भरला. हृदयाला ज्या उंचीवर काम करायला शिकवायचं आहे, तिथे त्याला जास्त वेळ ठेवता आलं. ढील ही विश्रांती वाटते, पण कामाचा अर्धा भाग तीच आहे.

हे मैदानावर आधी कळलं आणि प्रयोगशाळेत नंतर. जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर हे प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइंडेल हे हृदयाचे डॉक्टर यांनी 1930 च्या दशकात राउंडला घड्याळासोबत नाडी जोडली. छोटा तुकडा पळायचा, ठोके 180 च्या आसपास जाऊ द्यायचे, ते 120 वर उतरले की पुढचा तुकडा. दीड मिनिटात उतरले नाहीत तर आजचं काम जास्त झालं असं समजायचं. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने 1939 मध्ये मिलानला आठशे मीटर 1:46.6 मध्ये पळून दाखवले, आणि तो विक्रम सोळा वर्षं टिकला. नंतर चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक आला. तो चारशेचे राउंड एका दिवसात चाळीस-चाळीस मारायचा, जंगलातही, जड बूट घालूनही. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं त्याने घेतली. झाटोपेकच्या गोष्टीने जगभरच्या प्रशिक्षकांना भारून टाकलं, आणि थोडं बिघडवलंही. जास्त राउंड म्हणजे जास्त चांगलं, हा समज तेव्हापासून पसरला.

तो समज खोडणारा एक सुरेख प्रयोग दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला झाला, 1996 मध्ये. आठवड्याला सुमारे 300 किलोमीटर सायकल मारणारे स्पर्धेचे सायकलपटू निवडले. त्यांचं एकूण काम वाढवलं नाही. रोजच्या सरावातला फक्त पंधरा टक्के भाग काढून तिथे जोराचे तुकडे बसवले, पाच-पाच मिनिटांचे, सहा ते आठ. चार आठवड्यांत अशी सहाच सत्रं. चाळीस किलोमीटरच्या चाचणीची सरासरी वेळ 56.4 मिनिटांवरून 54.4 वर आली. वर्षानुवर्षं सायकल मारणाऱ्यांसाठी महिनाभरात दोन मिनिटं ही फार मोठी गोष्ट आहे. पुढे त्याच गटाने अशा सायकलपटूंच्या मांडीचा स्नायू तपासला. प्राणवायू वापरणारी एन्झाइम्स जवळपास तेवढीच राहिली होती, कारण ती आधीच भरपूर होती. वाढली होती ती स्नायूत साठणारी आम्लता झेलण्याची ताकद. शेवटच्या राउंडला पाय भरून येतात, मांड्या जड होतात, पाऊल उचलत नाही. त्या वेळेला तोंड द्यायला हीच ताकद लागते.

आता या प्रयोगातला पंधरा टक्क्यांचा आकडा पकडून ठेवायला हवा. उरलेलं पंच्याऐंशी टक्के काम पूर्वीसारखंच राहिलं होतं. नॉर्वेत काम करणारे स्टीफन सायलर यांनी रोइंग, स्कीइंग, धावणं, सायकलिंग अशा खेळांतल्या अव्वल खेळाडूंच्या डायऱ्या तपासल्या, तेव्हा देश बदलला, खेळ बदलला तरी एकच चित्र दिसलं. दहातली आठ सत्रं हळू, दोन जोराची. स्पेनमध्ये एस्तेवे-लानाओ आणि सहकाऱ्यांनी धावपटूंचे दोन गट करून पाच महिने पाहिलं. खूप जोराचं काम दोन्हींकडे सारखंच, आठ टक्क्यांच्या आसपास. फरक मधल्या कामात ठेवला. एका गटाने ऐंशी टक्के वेळ हळू पळण्यात घालवला, दुसऱ्याने सदुसष्ट टक्के, आणि राहिलेला वेळ मधल्या वेगाने. 10.4 किलोमीटरच्या शर्यतीत पहिला गट 157 सेकंदांनी सुधारला, दुसरा 121 सेकंदांनी.

आपल्याकडचा धावपटू नेमका त्या मधल्या वेगात अडकलेला असतो. रोज ग्रुपने पळायचं, रोज ग्रुपमधल्या सगळ्यात दमदार पोराला धरून ठेवायचं, रोज घामाघूम होऊन घरी यायचं. हळू पळणाऱ्याला आळशी म्हणतात. असं पळणं हृदयाला कमाल मर्यादेपर्यंत नेण्याइतकं जोराचं नसतं आणि पायांना सावरू देण्याइतकं हळूही नसतं. मग ज्या दिवशी खरे राउंड मारायचे, त्या दिवशी पाय थकलेले असतात, आणि राउंडही मधल्याच वेगाने होतात. किती गुणी पोरं अशी थिजली असतील, या विचाराने मला खरोखर वाईट वाटतं. मेहनत त्यांनी कमी केलेली नसते.

हळू म्हणजे किती हळू? शेजारी पळणाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तीन हजार मीटर साडेनऊ मिनिटांत पळणारा मुलगा घ्या. जिल्हा पातळीवर तो चांगला धावपटू आहे, त्याचा शर्यतीचा वेग किलोमीटरला 3 मिनिटं 10 सेकंद आहे. त्याचं हळू पळणं किलोमीटरला पाच मिनिटं, कधी त्याहूनही सावकाश असावं. हे ऐकून पोरांचा विश्वास बसत नाही. पण हळूच्या किलोमीटरांनी पाया रचला जातो आणि पाय शाबूत राहतात, म्हणूनच जोराच्या दिवशी खरा जोर निघतो.

पाया आधी आणि धार नंतर, हा क्रम ललिता बाबरच्या कारकिर्दीत स्वच्छ दिसतो. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यातलं मोही तिचं गाव. ती लांब पल्ल्याची धावपटू. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती लागोपाठ तीन वर्षं पहिली आली, 2015 मध्ये 2 तास 38 मिनिटं 21 सेकंदांत. मॅरेथॉनचा हा दमसास बरोबर घेऊन ती बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव्ह यांच्याकडे स्टीपलचेसची तयारी करत होती. 2014 च्या इंचिऑन एशियाडमध्ये 9:35.37 वेळ देऊन तिने कांस्य जिंकलं. 2015 मध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत 9:27.86. आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत 9:19.76. पी. टी. उषानंतर 32 वर्षांनी भारतीय महिला ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोहोचली, आणि तिथे दहावी आली. 42 किलोमीटर पळू शकणाऱ्या बाईने दोन वर्षांत तीन किलोमीटरमध्ये जवळपास सोळा सेकंद कमी केले. दम तिच्याकडे आधीच होता. त्या दमाला धार लागली.

साबळेचाही पल्ला असाच रुंद आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये दिल्लीत त्याने अर्धमॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला होता. पाच हजार मीटरमध्ये 13:19.30. तो काही काळ स्नेसारेव्ह यांच्याकडे होता, मग पुन्हा अमरीश कुमार यांच्याकडे आला, नंतर अमेरिकेत कोलोराडो स्प्रिंग्सच्या उंचीवर सराव केला. ज्या गुरूकडे ललिता फुलली, तिथे तो रमला नाही. एकाच्या शरीराला मानवणारी मात्रा दुसऱ्याला मानवेलच असं नाही, आणि चॅम्पियनचा वेळापत्रकाचा कागद मोबाइलवर मागवून तसाच्या तसा पाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 2022 मध्ये साबळेने 8:11.20 मध्ये रौप्य जिंकलं. केनियाचा अब्राहम किबिवोट त्याच्यापुढे फक्त पाच शतांश सेकंद होता. 1998 पासून राष्ट्रकुलच्या पुरुष स्टीपलचेसमधलं एकही पदक केनियाबाहेर गेलं नव्हतं.

आता दुधनीत येऊ. सोलापूर–वाडी रेल्वेमार्गावरचं, अक्कलकोट तालुक्यातलं हे सीमेवरचं गाव. तुरीचा बाजार, कानावर कन्नड आणि मराठी दोन्ही, पुढे कलबुर्गी जिल्हा. अशा गावात आखीव ट्रॅक नाही म्हणून इंटरव्हल अडत नाहीत. लागतं ते मोजलेलं अंतर. कमी रहदारीचा सरळ रस्ता बघायचा आणि टेपने मोजून चुन्याच्या खुणा करायच्या. आपल्या साडेनऊ मिनिटांच्या मुलाला तीस सेकंदांत 158 मीटर जायचं आहे. तिथे एक खूण. पुढच्या तीस सेकंदांत जॉगिंग करत साधारण ऐंशी मीटर, तिथे दुसरी. असं जाऊन-येऊन आठ-दहा तुकडे, मग तीन-चार मिनिटं चालणं, मग पुन्हा तेवढेच. मोबाइलवरचा जीपीएस लांब पळण्याला ठीक आहे, दीडशे मीटरच्या तुकड्याला त्याच्यावर विसंबू नये.

दुसरा प्रकार हजाराच्या रिपिटेशनचा. पाच वेळा हजार मीटर, प्रत्येक 3:10 ते 3:15 मध्ये, मध्ये अडीच ते तीन मिनिटं जॉगिंग. हे सत्र जवळून पाहिलं की धावपटूची समज कळते. पहिला हजार फार सोपा वाटतो, आणि तिथेच पोरं 3:00 मध्ये पळून येतात. दुसरा 3:08. तिसऱ्याला सातशे मीटरनंतर खांदे वर चढतात, हात आडवे फिरायला लागतात, मान मागे जाते. चौथा 3:25, पाचवा सोडून दिला. घड्याळ म्हणतं, दोन राउंड फार जोरात झाले, एक बरोबर झाला, बाकीचे वाया. शहाणा धावपटू पहिला हजार 3:14 मध्ये पळतो, थोडं आवरून. तिसऱ्याला त्याचा श्वास जोरात चालतो पण लय असते, दोन पावलांना आत, दोन पावलांना बाहेर. पाचवा पुन्हा 3:13. संपल्यावर त्याला वाटतं, अजून एक मारता आला असता. तिथेच थांबायचं. असं आठवड्यातून दोनदा, त्याहून जास्त नाही, आणि दोन सत्रांच्या मध्ये किमान दोन दिवस हळूचे.

नॉर्वेच्या बेंट रोनेस्ताड यांनी सायकलपटूंवर तपासलेला एक प्रकारही अनुभवी खेळाडूंना मानवतो. तीस सेकंद जोर, पंधरा सेकंद ढील, असे तेरा तुकडे. मध्ये तीन मिनिटं. असे तीन गट. अव्वल सायकलपटूंमध्ये त्याने पाच-पाच मिनिटांच्या लांब तुकड्यांपेक्षा जास्त सुधारणा दाखवली. जिममध्ये तबाता नावाने जे चालतं त्याचा मात्र लांब पल्ल्याच्या धावपटूने फार विचार करू नये. जपानच्या इझुमी तबाता यांच्या 1996 च्या प्रयोगातला वीस सेकंदांचा तुकडा व्हीओटू मॅक्सच्या कितीतरी वरच्या, 170 टक्के जोराचा होता आणि तो खास सायकलवर मोजून केला होता. गाणी लावून केलेल्या उड्यांना तेच नाव दिलं तरी परिणाम तोच येत नाही.

सोलापूर जिल्ह्याचं ऊन हा वेगळा विषय आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. उन्हात रक्त त्वचेकडे वळतं, घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, त्यामुळे त्याच वेगाला हृदयाचे ठोके दहा-पंधराने जास्त पडतात. तेव्हा फेब्रुवारीतलं टायमिंग मे महिन्यात काढायचा हट्ट धरू नये. ढील वाढवावी, तुकडे कमी करावेत, उजाडायच्या आत आटपावं. भरतीच्या मैदानावर उन्हात पोरं कोसळल्याच्या बातम्या दर काही वर्षांनी येतात, त्या वाचून अंगावर काटा येतो. ताप असेल, छातीत दुखत असेल, आदल्या रात्री जुलाब झाले असतील, तर त्या दिवशी राउंड नाहीत. पावसाळ्यात काळ्या रानातली वाट चिकट होते, पाय मुरगळतो. तेव्हा मुरमाचा किंवा डांबरी रस्ता बरा. पण डांबरावर सगळे राउंड मारले की नडगी दुखायला लागते, म्हणून हळूचं पळणं शक्य तेवढं मातीवर ठेवावं.

खाण्याबद्दल थोडं. जोराचे राउंड स्नायूंतल्या साखरेच्या साठ्यावर चालतात, आणि तो साठा आदल्या रात्रीच्या जेवणात भरला जातो. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, भात: आपलं घरचं जेवण या कामाला उत्तम आहे. राउंडच्या आधी तासभर एखादं केळं किंवा गुळाचा खडा पुरतो; शेंगाचटणी त्या वेळी नको, तेल आणि दाणे पोटात रेंगाळतात. मुलींनी वर्षातून एकदा तरी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. रक्तात लोह कमी असेल तर प्राणवायू वाहून नेणारंच कुणी उरत नाही, आणि प्रशिक्षक मात्र तिला म्हणत राहतो, तुझी मेहनत कमी पडते.

शर्यत किंवा भरती दोन आठवड्यांवर आली की घाबरून काम वाढवणं हा सगळीकडचा रोग आहे. करायचं ते उलट. अमेरिकेतल्या रॉबर्ट हिक्सन यांनी 1980 च्या दशकात तयार झालेल्या माणसांचा सराव वेगवेगळ्या प्रकारे कमी करून पाहिला. वेळ कमी केला आणि जोर तसाच ठेवला, तेव्हा कमावलेला दम आठवडे न् आठवडे टिकला. जोर कमी केला, तेव्हा तो ओसरला. म्हणून शेवटच्या दहा-बारा दिवसांत हळूचे किलोमीटर जवळजवळ निम्मे करायचे, पण राउंडचा वेग सोडायचा नाही, फक्त त्यांची संख्या कमी करायची. हजाराचे पाच असतील तर तीन. शर्यतीच्या चार दिवस आधी शर्यतीच्याच वेगाने चार वेळा चारशे, प्रत्येकानंतर दम पूर्ण खाली येईपर्यंत चालणं. मग एक दिवस पूर्ण सुट्टी, दोन दिवस वीस मिनिटांचं जॉगिंग आणि शेवटी ऐंशी मीटरच्या चार मोकळ्या धावा, बूट घालून, पाय मोकळे ठेवण्यापुरत्या.